स्त्री पार्टी : इंदिराबाई

भद्रावती
१० ऑगस्ट २०२३

दादा,

व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर येत नाही. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा तू मीटिंगमध्ये. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने. पोस्टमनच्या कागदावर तुझी सही तरी होईल.

काम एकच आहे. मायची पेटी परत पाठव.

फेब्रुवारीत तू आलास, बाबा गेले त्यानंतर अकरा वर्षांनी. मला वाटलं तुला मायची आठवण आली. मायलाही तसंच वाटलं. त्या दिवशी तिने स्वतः बाजारात जाऊन झिंगे आणले, माझ्या स्वयंपाकघरातून मला हुसकावून लावलं आणि तुला समोर बसवून वाढलं. तू तिला नाटकाची पदं म्हणायला लावलीस आणि मोबाइलवर घेतलीस. सत्तरीच्या बाईने लाजत लाजत म्हटली. मग हात धुवायच्या आधीच तू विचारलंस, “माय, तुझी ती पोस्टरांची पेटी कुठं आहे?”

तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं. तू जुनी पोस्टरं जमवतोस हे मला माहीत होतं. कव्वालीच्या मुकाबल्यांची, ऑर्केस्ट्रांची, झाडीपट्टीच्या नाटकांची. पेपरात तुझा फोटो आला होता, तो मायने देवाच्या फोटोशेजारी लावलाय. पण आपल्याच घरी तू गिऱ्हाईक म्हणून येशील असं वाटलं नव्हतं. “कागद सडताहेत, प्लास्टिकमध्ये घालून महिन्याभरात परत आणतो,” म्हणालास. मी नको म्हणत होते. माय म्हणाली, “नेऊ दे ना वो त्याले. पोरगं हाये माहं. इथी उंदरं खाऊन राह्यले कागदं.”

महिन्याचे सहा महिने झाले. आता गरज पडली आहे. म्हाताऱ्या कलावंतांना सरकारचं मानधन असतं, त्याचा अर्ज मी मायसाठी करते आहे. पुरावा मागतात. अठरा हंगाम माय वडसाच्या कंपन्यांमधून गावोगाव नाटकं करत फिरली, पण कुणी तिला सर्टिफिकेट दिलं नाही. आहे तो पुरावा म्हणजे ती पोस्टरं. प्रत्येकावर छापलंय, ‘स्त्री पार्टी : सौ. इंदिराबाई मारबते’. ती पेटी म्हणजे मायची नोकरीची फाइल आहे, दादा. तुझा संग्रह नाही.

दहाबारा पोस्टरं पाठवलीस तरी चालेल. झेरॉक्स काढून परत देईन.

रीता

भद्रावती
४ सप्टेंबर २०२३

दादा,

तुझी ई-मेल मिळाली. पोस्टरं पाठवली नाहीस, फोटो पाठवलेस. “मूळ कागद नाजूक असल्याने प्रवासाला योग्य नाहीत.” भद्रावतीहून पुण्याला जाताना नाजूक नव्हते का?

फोटोंचे प्रिंट काढले तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, कारण दुकानदाराने लहान काढले होते. मायचं आधारकार्ड अजून गावच्याच पत्त्यावर, म्हणून तिला घेऊन बसने चंद्रपूर, चंद्रपूरहून गडचिरोली. मूल गावाच्या पुढे रस्ता खोदून ठेवलाय, तिची कंबर धरली. ऑफिसातल्या बाई चांगल्या होत्या. मायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, “हे भूपेश मारबते कोण? मानधन त्यांचं करायचं आहे का?”

प्रत्येक फोटोवर तिरप्या अक्षरात तुझं नाव. मायच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत. ‘भूपेश मारबते संग्रह’. ज्या पोस्टरात ती एका बाजूला उभी आहे, तिथेसुद्धा तू नाव बरोब्बर तिच्या तोंडावरून नेलंस.

मला तिथेच शिसारी आली. बाईंना मी काय सांगणार? म्हटलं, मुलगा आहे यांचा. त्या हसल्या. वाईट नाही हसल्या, पण हसल्या. म्हणाल्या, मूळ पोस्टरं आणा, नाहीतर असे तरी फोटो आणा ज्यात नाव नीट वाचता येईल.

बसस्टँडवर मी तुला बोल लावत होते तर मायच माझ्यावर उखडली. “त्याले कामं असते. तू काऊन त्याच्या मांगं लागलीस? चोरी होते म्हनून नाव टाकते ते. आजकाल तसंच असते.” तुझी बाजू घ्यायला तिला कसं सुचतं कोण जाणे. तू तिला वर्षातून एकदा, दिवाळीला, दोन मिनिटं फोन करतोस. मी तिच्या गुडघ्यांना रोज तेल लावते, आणि माझ्यावर मात्र चिडते.

नाव न टाकलेले फोटो पाठव. एवढं तरी कर.

रीता

भद्रावती
२० नोव्हेंबर २०२३

भूपेश,

दादा लिहायला हात वळत नाही.

तू आम्हाला बोलावलं नव्हतंस. माझ्या प्रियाने मोबाइलवर तुझ्या प्रदर्शनाची जाहिरात पाहिली आणि आजीला दाखवली. जाहिरातीत माय आहे, पंचवीस वर्षांची, कमरेवर हात ठेवून. माय तो मोबाइल सोडेना. “मले जाचं हाये,” म्हणाली. “मी कशी दिसतो तिथी, मले पाह्यचं हाये.” तिने कपाटातली हिरवी पैठणी काढली, जी ती फक्त बक्षीस-समारंभाला नेसायची. वर्ध्याला गाडी बदलून आम्ही पुण्याला गेलो. रात्रभर तिने पाठ टेकली नाही, साडी चुरगळेल म्हणून.

काय पाहिलं ते तुला लिहून सांगते, कारण तू त्या संध्याकाळी पाहुण्यांकडे बघत होतास, भिंतींकडे नाही.

दारात गुलाबी दिव्यांत ‘स्त्री पार्टी’ असं लिहिलेलं. खाली प्लास्टिकची झेंडूची फुलं आणि फोटो काढायला खुर्ची. आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं की पोस्टरावर नटांच्या नावांखाली नट्यांची नावं येतात, त्याला स्त्री पार्टी म्हणतात. तिथे दोन मुली एकमेकींना विचारत होत्या, पार्टी कधी सुरू होणार? तू जवळच उभा होतास. सांगितलं नाहीस. हसलास.

टेबलावर ग्लासाखाली ठेवायच्या चकत्या होत्या. त्यावर मायचा चेहरा. एका माणसाने थंड ग्लास ठेवला, उचलला, तर मायच्या गालावर पाण्याचं गोल वर्तुळ. मायने पदराने ते पुसलं. कुणाला कळू न देता, जसं बाळाचं तोंड पुसावं तसं.

आणि मग मधल्या भिंतीवरचं. इतर पोस्टरं साध्या चौकटीत, हे एकटं काचेत, वर वेगळा दिवा. ‘भांगात भरली राख’, मार्कंड्याच्या जत्रेतला प्रयोग. चार घड्यांच्या खुणा पडलेला पिवळा कागद. मायच्या चेहऱ्यावर कोळशाने मिशा. छातीवर जे काढलंय ते मी लिहीत नाही. आणि खाली, मोठ्या अक्षरांत, आपल्या गावाचं नाव आणि तो शब्द.

शेजारी पाटी : ‘झाडीपट्टी, अंदाजे १९८९. छपाईवर कोळशाने अज्ञात ग्रामीण हाताने केलेला हस्तक्षेप. भूपेश मारबते संग्रहातील सर्वांत दुर्मिळ नमुना.’ चौकटीच्या कोपऱ्यात लाल टिकली. म्हणजे विकलं गेलं, हे मला एका बाईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, “किती रॉ आहे ना?” त्यांच्या हातात काडीला टोचलेला चीजचा तुकडा होता.

माय त्या काचेसमोर उभी राहिली. तेवढ्यात तू आलास. आम्हाला पाहून तुझा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्यावर ते हसू चढलं. मला वाटलं आता हा मायला जवळ घेईल. तू माइक घेतलास. “आज आपलं भाग्य. झाडीपट्टी रंगभूमीच्या ज्येष्ठ कलावंत इंदिराबाई स्वतः आपल्यात आल्या आहेत.” आणि वाकून तिच्या पाया पडलास. कॅमेऱ्याकडे तोंड ठेवून.

‘माझी आई’ हे दोन शब्द तुझ्या तोंडून निघाले नाहीत.

मी ओरडणार होते. मायने माझं मनगट धरलं, असं की दुसऱ्या दिवशीही वळ दिसत होते. आणि तिने हात जोडले. स्वच्छ नाटकातल्या भाषेत, मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, “नमस्कार साहेब. फार छान जपलंत आपण. कलावंताला याहून अधिक काय हवं?”

टाळ्या पडल्या. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुला ते कौतुक वाटलं का रे?

जिन्यात तू मला गाठलंस. “आई म्हणून ओळख करून दिली असती तर लोकांचं लक्ष कामावरून उडालं असतं. समजून घे. नंतर आपण मस्त जेवायला जाऊ.” मी खाली आले आणि पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे खरोखरच ओकले. माय पाठ चोळत होती. म्हणत होती, “प्रवासाचं अन्न बाधलं असन.”

आम्ही जेवायला थांबलो नाही. तू फोनही केला नाहीस.

रीता

भद्रावती
२७ नोव्हेंबर २०२३

भूपेश,

मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं. परतीच्या गाडीत मायने जे सांगितलं ते लिहायला आठ दिवस लागले.

अकोला गेलं होतं. समोरच्या बाकावरच्या बाईने मायला विचारलं, कुठून आलात? माय म्हणाली, “पोराचं काम पाह्याले गेल्तो.” मग ती बाई उतरून गेली आणि माय माझ्याकडे न बघता म्हणाली, “अक्षर त्याचंच हाये.”

मी विचारलं, कुणाचं?

“भूपेशचं. मले तवाच समजलं होतं.”

तू विसरला असशील, म्हणून आठवण देते. मायला वाचता येत होतं, पण अडखळत. कंपनीची संहिता बारीक टाइपात असायची. म्हणून दर हंगामाआधी तू तिची भूमिका चाळीस पानी वहीत मोठ्या अक्षरांत उतरवून द्यायचास. तिचं वाक्य निळ्या शाईत, समोरच्याचं लाल. चुलीपाशी बसून ती त्या वहीवरून पाठ करायची. तुझ्या ‘र’ची शेपटी उंदराच्या शेपटीसारखी लांब जायची, त्यावरून बाबा तुला चिडवायचे. आठव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत, सात नाटकं तू लिहून दिलीस. ‘भांगात भरली राख’सुद्धा तूच उतरवलं होतंस.

माय म्हणाली, “ज्या अक्षरानं माहे हजार वाक्यं पाठ झाले, ते अक्षर मी वळखणार नाई का?”

त्या दिवशी ती दुपारच्या बसने तालमीहून आली. धानाच्या गिरणीच्या भिंतीवर ते पोस्टर होतं, समोर माणसं जमून हसत होती. तिने पाहिलं. बोरिंगवरून गुंडभर पाणी आणलं, सगळ्यांच्या देखत भिंतीवर ओतलं, कागद भिजेपर्यंत तिथेच उभी राहिली, आणि एक कोपराही फाटू न देता सोडवून घेतला. मी तिला विचारलं, फाडून का नाही टाकलास? म्हणाली, “फाडला असता तं तुकडे पडले असते. कोनी उचलले असते, अक्षर पाह्यलं असतं. तुह्या बाबानं त्याले जित्ता सोडला नसता.”

तिने तो पेटीच्या तळाशी ठेवला, लग्नातल्या लुगड्याच्या घडीत. तुला वाचवायला. मार्कंड्याचा प्रयोग तिने केला. पुढच्या हंगामात कंपनीवाले आले तर सांगितलं, गळा बसला. गळा बसला नव्हता. तुला वही लिहायला सांगायची तिची छाती होईना, आणि तुझ्याशिवाय पाठ होईना. एवढं साधं आहे. सदतिसाव्या वर्षी ती घरी बसली, मग बाबांबरोबर तळ्यावर जाळी ओढायला जाऊ लागली.

मी लहान होते. मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

पण तुला ठाऊक होतं. बाकीची पोस्टरं गुंडाळ्या करून वर ठेवलेली होती. हे एकटं लुगड्यात, तळाशी. ते लुगडं उलगडून तू काढलंस, आणि आपलं अक्षर तुला ओळखू आलं नाही असं तू मला सांगू नकोस. वर्ष पोस्टरवर छापलेलंच नाही. ‘अंदाजे १९८९’ तुला कुणी सांगितलं?

तू ते जाळून टाकलं असतंस तर मी समजू शकले असते. परत घडी घालून ठेवलं असतंस तर तुझ्या पाया पडले असते. तू ते काचेत घातलंस, वर दिवा लावलास, ‘अज्ञात’ लिहिलंस आणि विकलंस. माणूस चिखलात पडतो ते मला कळतं. चिखल बरणीत भरून दिवाणखान्यात ठेवतो ते कळत नाही.

रीता

भद्रावती
१५ डिसेंबर २०२३

भूपेश,

चार महिन्यांत तुझं पहिलं पत्र. कॉम्प्युटरवर टाइप केलेलं. स्वतःच्या अक्षरात लिहायची तुला आता भीती वाटते हे एका अर्थी चांगलंच.

तू लिहितोस, “मी चौदा वर्षांचा होतो.” मान्य. शाळेत पोरं तुझ्यामागे मायची वाक्यं म्हणत यायची, खलनायक तिचा पदर ओढतो तो सीन तुला करून दाखवायची. मास्तरसुद्धा हसायचे. तू शाळेतून येऊन दप्तर विहिरीत टाकलं होतंस, ते मला आठवतं. त्या पोराची मला दया येते.

तू लिहितोस, “ते पोस्टर भिंतीवर लावणं हीच माझी कबुली होती. कलेत कबुली अशीच असते.” कबुलीत नाव असतं. तुझं नाव त्या पाटीवर होतं, पण ‘संग्रह’ या शब्दाच्या पुढे.

आणि शेवटची ओळ. “तूही तिथेच होतीस रीता. मायला हे माहीत आहे का? मी सांगितलं तर?”

ही ओळ वाचून मी कागद खाली ठेवला आणि हात धुतले. साबणाने.

हो. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मला ठाऊक होतं. गिरणीच्या कोपऱ्यावर मी उभी होते, कुणी येतं का बघत. तू मला बोरं दिली होतीस. तो शब्द मी जोडून वाचला आणि मला हसू आलं, कारण नळावर बायका भांडताना तो म्हणायच्या. चौतीस वर्षं मी ते गिळून बसले आणि तुझ्यावर थुंकायला मला तोंड आहे असं समजत राहिले. तेवढ्यापुरतं तू मला बरोबर पकडलंस.

पण तू पकडलंस ते माझ्या बरोबर उभं राहायला नाही, मला गप्प करायला. त्याची मला जास्त किळस आली. मायला सांगायचं तर मी सांगेन. तुला सांगायचं असेल तर ये आणि तिच्यासमोर उभा राहून सांग. येताना पेटी आण.

रीता

भद्रावती
२४ जानेवारी २०२४

भूपेश,

तू रविवारी येऊन गेलास. तू रिक्षात बसलास तेव्हा मी गेटपर्यंत आले नाही, म्हणून जे राहिलं ते लिहिते. हे शेवटचं पत्र.

तू पेटी आणलीस. त्रेचाळीस पोस्टरं, प्रत्येक वेगळ्या पारदर्शक पिशवीत. मान्य करते, नीट ठेवली होतीस. आणि ते काचेतलं पोस्टर वेगळं, काखेत. ते तू गिऱ्हाइकाकडून चार दिवसांसाठी मागून आणलंस, मायसमोर फाडायला. तुला वाटलं असणार, फाडलं की माय रडेल, तू रडशील, आणि मी चहा ठेवीन.

मायने दार उघडलं आणि म्हणाली, “या साहेब. बसा.”

तू हसलास. तुला ती गंमत वाटली. ती गंमत नव्हती. तिने प्रियाला कपबशी आणायला सांगितली, पाहुण्यांची. तू म्हणालास, “माय, मी आहे ना गं.” ती म्हणाली, “हो, ओळखलं ना. आपण पुण्याला भेटलो होतो. प्रवास नीट झाला आपला?” तासभर. एकदाही ‘तू’ नाही, एकदाही आपल्या भाषेतला एक शब्द नाही. तू तिच्या पायाशी बसलास, तिने पाय वर घेतले, जसे परक्या माणसाने वाकल्यावर घेतात. तू सगळं सांगितलंस, गिरणी, कोळसा, शाळेतली पोरं. रडलासही. ती मान हलवत ऐकत होती. “अरेरे. लहान वयात फार सोसलंत आपण.”

मग तू ते पोस्टर काढून फाडायला घेतलंस. तेव्हा एकदाच तिचा हात पुढे आला. “नका फाडू साहेब. ते आपण विकलंय. लोकांची वस्तू आहे.” आणि तिने ते परत गुंडाळून, दोरी बांधून, तुझ्या हातात दिलं.

माझ्या शत्रूचाही असा पाहुणचार होऊ नये. तुझी किळस वाटत असताना मला तुझी दयाही आली, आणि त्या दयेचीही किळस आली.

तू गेल्यावर ती आडवी झाली. चार वाजता उठली, तोंड धुतलं, आणि म्हणाली, “तो फारम आन. भरून टाकू.” आम्ही पेटीतून अकरा पोस्टरं निवडली, जिथे तिचं नाव ठसठशीत आहे. प्रत्येक पोस्टर हातात घेऊन ती गाव सांगत होती, कुठे मंडप पडला, कुठे प्रेक्षकांनी पाच वेळा पद परत म्हणायला लावलं. मी रकाने भरत गेले. नाव, जन्मसाल, कंपनी, किती वर्षं काम केलं. मग आलं, ‘अपत्ये’.

मी ‘दोन’ लिहायला पेन टेकवला. ती म्हणाली, “एक लिव.”

मी म्हटलं, “माय, असं नको करू.”

“एक लिव. रीता मारबते, आता तुह्या नवऱ्याचं जे आडनाव हाये ते लाव.”

तेव्हा मला सांगावंच लागलं. म्हटलं, एकही लिहिता येणार नाही मग. शून्य लिहावं लागेल. गिरणीच्या कोपऱ्यावर मी उभी होते. त्याने मला बोरं दिली होती. मी वाचलं होतं आणि हसले होते.

मी तिच्याकडे बघू शकले नाही. फॉर्मकडे बघत होते.

“नऊ वर्साची होतीस तू,” ती म्हणाली.

“तो चौदाचा होता ना मग,” मी म्हटलं. तुझी बाजू घेतली, बघ. आयुष्यात पहिल्यांदा.

तिने पोस्टरांवरून हात फिरवला. मग म्हणाली, “चौदाच्या पोराले मी त्याच दिवशी माफ करून टाकलं. त्याचा राग माह्या मनात एक दिवस नाई राह्यला. त्याच्यापाई नाटक सोडलं, तरी नाई. तुह्यावर तं काऊन राहीन? पन ज्यानं लोकाइसमोर मले बाई म्हटलं, माय नाई म्हटलं, आन त्या पाटीवर अज्ञात लिवलं, तो चौदाचा नव्हता. तो पन्नाशीचा मानूस हाये. त्याले मी वळखत नाई.”

मी ‘एक’ लिहिलं. ती म्हणाली वाचून दाखव. मी वाचलं, “अपत्ये, एक.” तिने विचारलं, “सही कुठी करू?” मी बोट ठेवलं. चष्मा नाकावर सरकवून तिने हळूहळू, एकेक अक्षर सोडवत सही केली, आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत राहिली.

काल फॉर्म दिला. बाईंनी पोहोच दिली.

रीता